काखेपर्यंतचा स्वेटर

सलीमभाईंनी दुकानाच्या दारावर लोकरीच्या लडी टांगल्या की थंडी आली, असं मी मनाशी ठरवून टाकलंय. पावसाळाभर त्याच खिळ्यांवर रेनकोट लटकतात, पर्यटकांसाठी प्लास्टिकच्या टोप्या लटकतात. दिवाळीचे पाहुणे परततात, लोणावळ्याच्या बाजारातली गर्दी जरा विरळ होते, आणि एखाद्या सकाळी कामाला जाताना दिसतं की रेनकोट गेले, लडी आल्या. लाल, मोरपंखी, शेंदरी, आणि अगदी कडेला राखाडी. दर वर्षी ते बघून बरं वाटायचं. या वर्षी मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं गेले.

सलीमभाईंनी पाहिलंच. "काय ताई, लोकरीशी कट्टी का आमच्याशी?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"येते नंतर," म्हटलं आणि पाय उचलले. मी चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला असते, उशीर झाला की मुकादमबाई बोलतात, हे खरं. पण त्या दिवशी मला उशीर झालेला नव्हता.

मी हिंगोलीकडची. आमच्याकडे थंडी पडत नाही असं नाही, पण ती उघड्या रानातली कोरडी थंडी. तुराट्या पेटवल्या की मागं सरते. इथली दरीतून चढून येते, दाराच्या फटीतून आत शिरते, उशीच्या खोळीत बसून राहते. लग्न होऊन इथं आले तेव्हा माझ्याकडे स्वेटर नव्हता. आमचे हे हॉटेलच्या भटारखान्यात, दिवसभर भट्टीपाशी, त्यांना थंडी म्हणजे काय ते कळायचंच नाही. रेल्वेलाइनच्या पलीकडे हौसामावशींच्या घरामागची खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. पहिल्याच आठवड्यात मी नळावर कुडकुडत उभी असताना मावशी आल्या, आपल्या अंगातला स्वेटर काढला, माझ्या डोक्यातून घातला, आणि बाही ओढत म्हणाल्या, "हात घाल. बघत काय ऱ्हातीस? मानूस गारठल्यावं इचारायचं नसतंय."

तो स्वेटर त्यांनी परत मागितलाच नाही. या घराशी माझं नातं तिथून सुरू झालं.

मावशी आंदर मावळातल्या, एसटी जिथं शेवटचं वळण घेऊन परत फिरते त्याच्याही पुढच्या वाडीतल्या. आबा, म्हणजे त्यांचे मालक, रेल्वेत होते. घाटात रुळांची गस्त घालायचे. मी इथं यायच्या कितीतरी आधीच ते छातीत कळ येऊन वारले. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये असताना शेजारच्या स्टेशनमास्तरांच्या बाईंनी मावशींना विणायला शिकवलं. भात लावणाऱ्या बोटांना सुई धरायला शिकवायची म्हणजे त्या बाईंनाही धीर असणार. माझ्या वेळी मात्र मावशींनी सुया दिल्याच नाहीत. सायकलचे दोन स्पोक फरशीवर घासून टोकं गोल केली आणि माझ्या हातात ठेवले. "सुया हायेत माज्याकडं. पन तू आदी हे वाकडं करून दाव."

मी सातवीत शाळा सोडली. सोडवली म्हणा. त्यानंतर मला काही शिकवावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मावशींनी सुलट शिकवला, उलट शिकवला, गळलेला टाका खाली जाऊन कसा उचलून आणायचा ते शिकवलं. माझा स्वभाव धास्तीचा. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, गावाकडून फोन आला तर तो कशासाठी असेल, हे सगळं सारखं चालूच. मावशी म्हणायच्या, "तुज्या टकुऱ्यात उंदरं पळत्यात. हाताला काम दे, जातील बिळात." आणि खरंच जायची. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, आणि डोक्यातलं खुडबुडणं हळूहळू थांबायचं. हे माझ्यावर केवढे उपकार आहेत ते मला मावशींना कधी सांगता आलं नाही. सांगायला गेले असते तर म्हणाल्या असत्या, "बोलत नगं बसू, टाका सुटंल."

त्यांच्याकडे टेप नव्हती. दुकानात फुकट मिळाली तरी घ्यायच्या नाहीत. "टेपला काय म्हाईत, मानूस वाकून चालतंय का ताठ?" बॉर्डर चार बोटं. गळा एक वीत. आणि काखेपर्यंत विणून झालं की तिथं थांबायचं. ज्याचा स्वेटर त्याला हाक मारायची, पाठमोरं उभं करायचं, तुकडा सुईसकट त्याच्या पाठीवर धरायचा, हातानं दाबून बघायचा, आणि मगच काखेचे टाके बंद करायला घ्यायचे. पाठ दाखवल्याशिवाय पुढं जायचं नाही. आमच्या ह्यांचा पहिला स्वेटर मी विणला तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्यांना बोलावून आणलं. हाताला कणीक तशीच. मावशी पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "जावाय, श्वास सोडा. प्वाट आत वडून उबं ऱ्हायलात तर सवेटर दुसऱ्याच मानसाचा व्हईल." हे लाजले. मी हसून हसून टाके विसरले.

ज्या थंडीबद्दल मला सांगायचंय ती गेल्या वर्षीची.

त्याआधी वर्षभर मावशींचं विसरणं सुरू होतं. भाजीत दोनदा मीठ पडायचं. मला कधी शालन म्हणायच्या, कधी स्टेशनमास्तरीनबाई. शालन त्यांची मुलगी, सुदुंबऱ्याला दिलेली. दर रविवारी येऊन जायची. मावशींचे हात मात्र काही विसरले नव्हते. मी मोरपंखी लोकरीत जाळीची वीण घालताना चुकले तर बोलता बोलता त्यांचं बोट नेमकं त्याच ओळीवर यायचं. आणि लडी टांगायच्या दिवसांत त्यांनी राखाडी लोकर काढून टाके घातले.

"कुणाचा हो मावशी?" मी विचारलं.

"कुनाचा म्हंजी? ह्यांचा. जुना इरला की. घाटात वारं लय खातंय."

मला वाटलं, विणू दे, विणता विणता आठवेल.

भातकापणी झाल्यावर शालनताई नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन आली. त्याच दिवशी मावशी काखेपर्यंत पोचल्या. सुया तशाच हातात धरून उठल्या, दारात गेल्या. "अवो, ऐकलं का? जरा पाठ दावा." उत्तर नाही. न्हाणीच्या मागं बघितलं. फाटकापाशी जाऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. "कुटं गेलं हे? ड्यूटी तर रातची हाय."

शालनताई सरळ मनाची. तिनं आईचा हात धरला. "आई, असं काय करतीस? आबा जाऊन किती वरसं झाली."

मावशींचा चेहरा बघवत नव्हता. "कवा?" म्हणाल्या. मग खाली बसल्या. "आन् मला कुनी सांगितलं का न्हाई?" मग मोठ्यानं रडल्या, बातमी पहिल्यांदा आल्यावर माणूस रडतं तसं. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "शेवटचं पानी कुनी पाजलं?"

"तूच पाजलंस, आई."

"म्या?" मावशी आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

दिवेलागणीपर्यंत सगळं पुसलं गेलं. चहा प्यायल्या, तांदळाचा वास घेतला, औंदा चांगला पिकलाय म्हणाल्या. मग स्वेटर उचलला, काखेपर्यंत झालेला बघितला आणि पुन्हा उठून दारात गेल्या. "अवो, जरा पाठ दावा." शालनताई घरामागं पळाली. माझ्या खोलीच्या पायरीवर बसून तोंडात पदर कोंबून रडली. आत जाऊन मी म्हणाले, "आबा बाजारात गेलेत, मावशी. येतील." त्या रात्री मी ते खोटं पुन्हा पुन्हा बोलले.

सुया काढून घेऊन बघितल्या. ते अजून वाईट. हात रिकामे राहिले की मावशी लुगड्याच्या काठाचे धागे ओढायच्या, नाहीतर उठून लाइनीच्या दिशेनं चालायला लागायच्या. विणायला तर हवंच. मग शालनताईच म्हणाली, "काखंपतुर जाऊच द्यायचं न्हाई. रातचं थोडं उसवत जाशील का गं? तुला तरास हाय, पन."

त्रास कसला. मी होच म्हणाले.

मावशी जेवून लवकर झोपायच्या. त्या झोपल्या की मी चुलीपाशी बसून दिवसभराचं विणकाम उसवायची. उसवताना लोकर टुक टुक करत सुटते, आणि प्रत्येक टाक्याचा वळसा तिच्यात तसाच राहतो. शेवयांसारखी कुरळी होते. पहिल्या दिवशी मी तशीच गुंडाळून ठेवली. सकाळी मावशींनी गुंड्याला हात लावला आणि थांबल्या. माझं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण बोटांना कळलं. "ही उसवल्याली हाय. कुनाचं उसवलंस?"

मी तो गुंडा हातात घेऊन उगाच फिरवत राहिले.

"जित्या मानसाचं सवेटर उसवत न्हाईत गं पोरी," त्या हळूच म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीवर लड करून गुंडाळायची, कोमट पाण्यात बुडवायची आणि पत्र्याखालच्या दांडीवर टांगून खाली वरवंटा बांधायची. वरवंट्याच्या ओझ्यानं वळसे सरळ होतात. पण वाळायला एखादा दिवस जातो. तेवढ्यात दुसरा गुंडा हवा, त्याच रंगाचा. सलीमभाईंकडे गेले तर त्यांनी डोकं हलवलं. "हा शेड कंपनीनं बंद केला, ताई. हा घ्या, याच्यासारखाच आहे."

"सारखा नको. तोच पाहिजे."

"बारीकसा फरक आहे. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"मावशींना कळेल."

सलीमभाई मावशींना ओळखत होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग तुळशीबागेत जाऊन बघा. तिथं जुना माल पडलेला असतो."

सुट्टीच्या दिवशी लोकलनं पुण्याला गेले. राखाडी धाग्याचा तुकडा बोटाला बांधून, हरवेल म्हणून. एरवी लोकर घ्यायला जाणं म्हणजे माझा सण. लडी गालाला लावून बघायच्या, घ्यायची एक आणि हात लावायचा दुकानभर. त्या दिवशी मी दुकानादुकानात लडी मागायची, दारात उन्हाला नेऊन बोटाशी धरायची आणि परत द्यायची. कुणी वैतागलं, कुणी हसलं. एका दुकानातल्या आजोबांनी माळ्यावर चढून धूळ भरलेली पिशवी काढली. आत तोच रंग. मला रडू आलं. आजोबा घाबरले. "अहो ताई, राखाडीच आहे ती, सोनं नाही."

मग आमचं चक्र सुरू झालं. एक लड दांडीवर, एक सुईवर. सकाळी मावशी बॉर्डरच्या जरा वरून सुरुवात करायच्या, दुपारी मी कारखान्यातून आले की शेजारी बसायची. "हाताला गूळ हाय तुज्या. लोकरीला लावू नगंस," हे रोज. आणि मग आबांच्या गोष्टी. धुक्यात सिग्नल दिसत नाही म्हणून रुळावर फटाका कसा ठेवतात, गाडी त्यावरून गेली की कसा बार होतो, आणि तो बार घरात ऐकू आला की हे धड आहेत असं मावशींना कसं कळायचं. आबांना चहात आलं चालत नाही. आबा डाव्या कुशीवर झोपतात. सगळं 'होतं' नाही, 'हाय'. ऐकता ऐकता मलाही फाटकाकडे बघायची सवय लागली. सायकलची घंटा वाजली की मी मान वर करायची.

माझे वडील गेले तेव्हा मी इथंच होते. फोन आला, गाडी पकडली, पोचले तोवर सगळं उरकलं होतं. अंगणात ओलं सारवण होतं फक्त. त्यांचा चेहरा मी बघितला नाही. म्हणून असेल कदाचित, पण त्या थंडीत मावशींच्या घरात बसलं की मला वाटायचं, या घरात अजून कुणी गेलेलं नाही. आणि जोवर मी रोज उसवतेय तोवर कुणी जाणारही नाही. असलं काही वाटणं वेडेपणाच. पण मी ते घट्ट धरून होते. गावाकडून आईचा फोन आला की ती म्हणायची, "सुट्टीवर कधी येतीस?" मी म्हणायची, "इथलं काम सोडून कसं येऊ?" कुठलं काम ते तिला कसं सांगणार.

माझी सगळी धास्ती एका जागी गोळा झाली होती. काख. दुपारी कारखान्यात ज्यादा काम लागलं की माझं चिक्कीवर लक्ष नसायचं. आज जास्त विणलं असेल का. पोचल्या असतील का. उठल्या असतील का दारात. पळत घरी यायची आणि आधी स्वेटरवर वीत ठेवून बघायची, मग मावशींकडे.

संक्रांत झाल्यावरची गोष्ट. मावशी जेवून झोपल्या, मी नेहमीसारखी चुलीपाशी स्वेटर घेऊन बसले. टाके सुईवरून उतरवणार, तेवढ्यात लक्षात आलं की काल रात्री मी जिथं थांबले होते, स्वेटर तिथंच होता. एक ओळसुद्धा वाढलेली नव्हती. उसवायला काही नव्हतं.

सकाळी मी सुया त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी दोन्ही एकाच मुठीत धरल्या, जेवणाच्या पानापाशी लहान पोर चमचा धरतं तशा. माझ्याकडे बघितलं. "हे काय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांची बोटं धरून सुईवर ठेवली. लोकर तर्जनीवरून घेतली. "सुलट, मावशी. असा आत, असा धागा, असा बाहेर." त्या माझ्या हाताबरोबर हात हलवत राहिल्या. मी सोडल्यावर हात थांबले. त्या दिवशी मी कामावर गेले नाही. दिवसभर हेच केलं. दुपारी मावशी कंटाळून म्हणाल्या, "बाई, सोडा की आता माजा हात." बाई. परक्या माणसाला म्हणतात तसं.

उन्हाळ्याच्या आधी शालनताई त्यांना सुदुंबऱ्याला घेऊन गेली. तिचं बरोबर होतं. जाताना म्हणाली, "तुज्यामुळं एवडं दिस निगालं गं." स्वेटर सुईसकट माझ्याकडे राहिला. पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला, आणि पावसाळाभर त्या पेटीला हात लावला नाही.

गेल्या आठवड्यात मात्र लावला. सलीमभाईंच्या दारावरच्या लडींकडे बघायला नको म्हणून रस्ता ओलांडून तरी किती दिवस जाणार? पेटी उघडली. लोकरीला कडुलिंबाच्या पाल्याचा वास लागला होता. सुईवर टाके होते तसेच. मी उभ्या उभ्याच एक ओळ विणली, मग बसून विणत राहिले. माझा हात मावशींपेक्षा घट्ट. त्यांचं कुठं संपलं आणि माझं कुठं सुरू झालं ते नीट दिसतं, रेघ मारल्यासारखं. दिसू दे. रविवार येईपर्यंत काख आली.

रविवारी सकाळच्या लोकलनं तळेगावला उतरले, तिथून जीपनं सुदुंबरे. एका बाजूला कांद्याची रोपं, दुसऱ्या बाजूला कंपनीची लांबच लांब भिंत. शालनताईनं दारात हात धरला. "चांगलं केलंस आलीस. पन वळखायची न्हाई हां ती."

मावशी ओसरीवर उन्हाला बसल्या होत्या. बारीक झाल्यात. केस कुणीतरी छान विंचरून दिलेले. मी समोर बसले, पिशवीतून स्वेटर काढला आणि सुईसकट त्यांच्या मांडीवर ठेवला. काखेपर्यंत झालेला. आणि वाट बघत बसले.

ज्या प्रश्नाची मी अख्खा हिवाळा धास्ती घेतली, ज्याच्यासाठी रोज रात्री उसवलं, तोच आता त्यांनी विचारावा म्हणून मी बसले होते. उठाव्यात, अंगणात जाव्यात, हाक मारावी. रडल्या तरी चालेल. मी सांभाळीन. एकदा फक्त विचारा, कुटं गेलं हे.

मावशींनी स्वेटरवरून हात फिरवला. माझ्या विणीवरून, मग खाली स्वतःच्या. हात कुठंच थांबला नाही.

"मऊ हाय," म्हणाल्या. "कुनाचा?"

"आबांचा," मी म्हटलं.

"कोन आबा?"

आत शालनताईच्या हातातलं भांडं खाली पडल्याचा आवाज आला. मावशी माझ्याकडे बघत होत्या, उत्तराची वाट बघत, चौकशी म्हणून, सहज.

"आहेत एक," मी म्हणाले. "घाटात असतात. रात्रीची ड्यूटी असते त्यांची."

मावशींनी मान हलवली. स्वेटर उचलला आणि माझ्या हातात दिला.

"मंग बसलीस काय अशी? ईन की बिगीबिगी. थंडी लय हाय."

मी मान खाली घातली आणि काखेचे टाके बंद करायला घेतले.